जी उकलते ती खुर्ची

जुनी खुर्ची घ्यायची तर दुकानात आधी ती उलटी करावी. सुलट्या बाजूवर दुकानदाराचा हात फिरलेला असतो. तळापर्यंत तो सहसा पोचत नाही, म्हणून खरे बोलणे तळ बोलतो.

बैठकीच्या चौकटीची आतली बाजू, पायांच्या आतल्या कडा, आडव्या दांड्यांची खालची अंगे, इथले लाकूड उघडे असते. उघडे लाकूड वर्षानुवर्षे हवा खात काळवंडते. तो काळेपणा एकसारखा नसतो. उचलताना जिथे बोटे लागत आली तिथे तो तुळतुळीत असतो, कोपऱ्यात कोरडा आणि धुळकट. आत-बाहेर, वर-खाली सगळीकडे एकच छटा दिसली तर तो रंग आहे, वय नाही.

झिजेचेही तसेच. समोरच्या दांडीवर टाचा टेकतात, तिथे ती खोलगट होते. माणूस रेलला की खुर्ची मागे कलते, म्हणून मागच्या पायांचे तळ मागच्या कडेला जास्त खाल्ले जातात. खुर्ची नेहमी पाठीला धरून ओढतात, म्हणून पाठीची वरची पट्टी धरायच्या जागी गुळगुळीत होते. ज्या झिजेमागे शरीर सापडत नाही, ती झीज कानशीची.

लाकूड लांबीत फारसे आकसत नाही, रुंदीत आकसते, आणि रुंदीतही सगळ्या दिशांना सारखे नाही. त्यामुळे गोल कातलेला पाय पाऊणशे-शंभर वर्षांत पुरता गोल राहत नाही. चिमटीत धरून फिरवला तर किंचित अंडाकृती लागतो. डोळ्यांना हे दिसत नाही. जुन्या लाकडाची पारख बोटांनी करायची असते.

अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू १९३० च्या दशकात प्रचारात आला. तसा स्क्रू आढळला म्हणून खुर्ची खोटी ठरत नाही. त्या जागी नंतर कोणी हात घातला, एवढेच ठरते. हात घातला हे चांगलेच झाले. घातला नसता तर आज ती तुमच्यासमोर नसती.

वय हा पुरावा आहे. तो गुण मानला की फसगत सुरू होते.

मग गुण कोणता? शंभर खुर्च्यांतल्या नव्वद जळणात गेल्या, ही दहांत का राहिली, असा प्रश्न प्रत्येक जुन्या खुर्चीला विचारावा. पुष्कळदा उत्तर एकच मिळते: ती उकलता आली म्हणून. जी वस्तू खोलता येते ती दुरुस्त होते, जी दुरुस्त होते ती म्हातारी होते. बाकीच्या तरुणपणीच जातात.

*

मी बोलतो आहे ते बिनहातांच्या खुर्चीबद्दल. जेवणाच्या टेबलाशी, लिहिण्याच्या मेजाशी, दाराजवळच्या भिंतीला लागून असते ती.

१८ व्या शतकातल्या युरोपीय दालनांत अशा खुर्च्या भिंतीला लावून ठेवत आणि लागली की पुढे ओढत. पाठीमागची बाजू कोणाला दिसायची नाही, म्हणून ती बऱ्याचदा साधी सोडलेली असे. गोव्यातल्या मोठ्या घरांच्या ‘साला’त, म्हणजे दिवाणखान्यात, ही मांडणी अजून पाहायला मिळते: भिंतीलगत ओळ, मध्ये मोकळी फरशी.

आपल्या घरांत खुर्ची उशिरा आली. पाट होता, चटई होती, लोड-तक्के होते. खुर्ची आधी कचेरीत, कोर्टात, शाळेत बसली आणि मग घरात शिरली. त्यामुळे ‘पेशवेकालीन’ म्हणून कोणी खुर्ची दाखवली तर फार सावध व्हावे. मराठी घरातली जुनी खुर्ची बहुतेकदा पणजोबांच्या पलीकडे जात नाही, आणि तिने जाण्याची गरजही नाही.

हातांची खुर्ची घरातल्या एकाची असते. तो नसताना तिच्यावर बसलेला माणूस तो आला की उठतो. बिनहातांची खुर्ची कोणाचीच नसते, म्हणून सगळ्यांची असते. तिच्यावर तिरके बसता येते, मूल मांडीवर घेता येते, आणि आपल्या माणसांना जे हवे असते ते, म्हणजे वर मांडी घालून बसणे, तेही जमते. तेवढ्यासाठी बैठक पुरेशी रुंद आहे का, हे मी आवर्जून पाहतो. युरोपीय पुस्तकांत ही कसोटी सापडणार नाही.

*

मुंबईच्या इराणी हॉटेलांतली गोल बैठकीची, वाकवलेल्या लाकडाची काळसर खुर्ची घ्या. १९०४ पासून चालू असलेल्या धोबी तलावाजवळच्या कयानीत ती आजही दिसते. चहा पिताना तिच्याकडे कोणी नीट पाहत नाही. बन-मस्क्याइतकेच लक्ष तिच्याकडे द्यावे अशी ती वस्तू आहे.

तिचे मूळ रूप मिखाएल टोनेटचे. १७९६ साली ऱ्हाईनकाठच्या बोपार्डमध्ये जन्मलेला हा सुतार १८४२ मध्ये व्हिएन्नाला गेला. १८५९ मध्ये त्याच्या कारखान्याने १४ क्रमांकाची खुर्ची काढली. बीच नावाच्या झाडाच्या लांब काठ्या वाफेवर मऊ करायच्या आणि लोखंडी साच्यावर वाकवायच्या. वाकवताना बाहेरच्या अंगाचे तंतू ताणले जाऊन फाटतात. म्हणून त्या अंगाला धातूची पट्टी घट्ट बांधायची. मग बाहेरची बाजू ताणली जात नाही, आतली दाबली जाते, आणि दाब लाकूड सोसते. सारी किमया त्या एका पट्टीत आहे.

खुर्चीचे लाकडी भाग सहा. मागचे दोन पाय आणि पाठीची कमान मिळून एकच अखंड काठी. तिच्या आत दुसरी लहान कमान. बैठकीचे कडे. पुढचे दोन पाय. खाली पायांना बांधून ठेवणारे दुसरे कडे. दहा स्क्रू, दोन नट. अशा छत्तीस खुर्च्या सुट्या करून एका घनमीटरच्या पेटीत मावत. पेट्या जहाजातून जात आणि खुर्च्या पोचल्या ठिकाणी जोडल्या जात. १९३० पर्यंत अशा सुमारे ५ कोटी खुर्च्या विकल्या गेल्या असे मानतात.

प्रवासासाठी केलेली सोय दीर्घायुष्याची सोय ठरली. पुढचा पाय मोडला तर फक्त तो पाय बदलायचा. दुसऱ्या मोडक्या खुर्चीचा पाय हिला चालतो. हॉटेलच्या माळ्यावर दोन मोडक्या खुर्च्यांतून एक धड खुर्ची होते, आणि ती बसणाऱ्याला नवी-जुनी काही कळू देत नाही.

टोनेटचे मक्तेदारीचे हक्क १८६९ मध्ये संपले आणि याकोब व योझेफ कोन यांच्यासारखे इतर कारखानदार पुढे आले. म्हणून प्रत्येक वाकीव खुर्चीला टोनेटची म्हणणे चूक आहे. बैठकीच्या कड्याच्या आत चिठ्ठी किंवा शिक्का शोधावा. ‘चेकोस्लोव्हाकिया’ लिहिलेले असेल तर ती १९१८ नंतरचीच, कारण त्याआधी तो देशच नव्हता. शिक्का नसला तर किंमत पाडून मागावी आणि खुर्ची चांगली असेल तर जरूर घ्यावी. शिक्क्यावर कोणी बसत नाही.

वेताऐवजी नक्षी दाबलेली पातळ लाकडी बैठक दिसली तर नाक मुरडू नये. तशा बैठका या कारखान्यांनी स्वतःही केल्या होत्या. बाक जिथे सर्वांत जास्त आहे तिथे बाहेरच्या अंगाला चीर गेली आहे का, ते मात्र नखाने पाहावे. तिथली चीर बुजवता येते, बरी होत नाही.

बीचला आपली हवा सोसत नाही. लाकूड पोखरणारा किडा त्यावर टपलेला असतो. बारीक गोल छिद्रे दिसली की खाली वर्तमानपत्र पसरून खुर्ची थोपटावी. जुन्या छिद्रांची तोंडे काळवंडलेली असतात आणि त्यांतून काही पडत नाही. पांढुरके पीठ पडले तर किडा अजून घरात आहे. अशी खुर्ची कितीही देखणी असली तरी ती तशीच इतर लाकडी सामानाशेजारी आणून ठेवू नये. या बाबतीत मला भीड पटत नाही.

*

शिसवीची गोष्ट वेगळी. खुर्ची उचलतानाच कळते. मनगट आधी सांगते, डोळा मागून मान डोलावतो.

१९ व्या शतकात मुंबईच्या मेडोज स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या नगीनदास मास्टर रोडवर, कोरीव शिसवी सामानाचा मोठा धंदा होता. वेली, पाने, पक्षी, जाळीदार पाठी. साहेबांच्या बंगल्यांत आणि पारशी घरांत ते गेले. कारागिरी थक्क करणारी आहे, हे मान्य करूनही मी ती खुर्ची रोजच्या बसण्यासाठी घेऊ नका असेच सांगेन. कोरीव पाठ भिंतीला शोभते, मणक्याला टोचते. धूळ काढायला ब्रश लागतो. आणि निखळलेले पान परत कोरून बसवणारा हात मिळणे दुर्मीळ झाले आहे. ज्या दुरुस्तीला माणूस उरला नाही, ती दुरुस्ती शक्य असून नसल्यासारखी.

त्यापेक्षा गोव्याच्या किंवा वसईच्या बाजूची साधी शिसवी खुर्ची पाहावी. सरळ पाय, किंचित कललेली पाठ, वेताची बैठक. हिच्यात दाखवण्यासाठी काही नाही, त्यामुळे लपवण्यासाठीही काही नाही.

सागवानीबद्दल थोडक्यात. दादर-माटुंग्याच्या १९३०-४० च्या इमारतींतून निघालेल्या गोलसर कोपऱ्यांच्या सागवानी खुर्च्या अजून बाजारात येतात, आणि पहिल्यांदाच जुनी खुर्ची घेणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी. वाळवी सागाच्या वाटेला सहसा जात नाही. फक्त दुकानदार सरसकट ‘बर्मा टीक’ म्हणतात तिकडे लक्ष देऊ नये. लाकूड कुठून आले ते तो सांगेल. पाय हलतो का ते आपण पाहावे.

*

पाय हलला तर?

हलणारा पाय हा खुर्चीचा आजार मानतात. जुन्या खुर्चीत तो बऱ्याचदा तिचा संयम असतो. पायाला खाच पाडून तीत दांडीचे टोक बसवलेले असते आणि सांधा सरसाने चिकटवलेला असतो. सरस म्हणजे जनावरांची कातडी-हाडे उकळून केलेला डिंक. तो ऊब आणि ओल यांनी पुन्हा मऊ पडतो. जास्त भार आला की आधी सरस सुटतो, लाकूड वाचते. मग सुतार सांधा उकलतो, जुना सरस खरवडतो, नवा लावतो, दोरीने आवळून रात्रभर ठेवतो. खुर्ची आणखी एका पिढीला मोकळी.

जिथे सांधा कधीच सुटणार नाही, तिथे एक दिवस लाकूड फाटते.

म्हणून हलत्या पायापेक्षा, तो हलू नये म्हणून आडवा खिळा ठोकलेला मला जास्त खटकतो. खिळ्याने सांधा बंद होतो आणि तंतू चिरतात. पुढच्या सुताराला तो उकलायचा तर आधी खिळा उपटावा लागतो आणि त्याबरोबर लाकडाचा लचका निघतो. कोपऱ्यात पत्र्याची पट्टी, सांध्यातून ओघळलेला पांढरा गोंद, एकावर एक खिळे, ही सगळी घाईची लक्षणे. ज्याने हे केले त्याला आज बसायचे होते. उद्या कोण बसेल हे त्याच्या मनात आले नाही.

पॉलिशचाही न्याय हाच. जुने पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख. झाकलेल्या जागी स्पिरिटचा एक थेंब लावून बोट टेकवावे. चिकट लागले तर लाख. तिला पाण्याचा डाग पडतो, गरम कप ठेवला तर पांढरे वर्तुळ उठते, हे खरे. पण नवा हात फिरवला की तो जुन्या थरात विरघळून एक होतो. आजचे कडक लेप वर्तुळ उठू देत नाहीत. मात्र ओरखडा गेला की पूर्ण खरवडण्यावाचून इलाज नाही. मी लाखेच्या बाजूने आहे. सहज दुखावणारी आणि सहज बरी होणारी वस्तू घरात असावी.

खुर्ची वैशाखात घ्यावी. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि सैल सांधेही घट्ट वाटतात. उन्हाळ्यात प्रत्येक खुर्ची आपली खरी अवस्था दाखवते.

*

आता मापे. ही रुक्ष वाटतात, पण हौसेने घेतलेल्या कितीतरी खुर्च्या शेवटी कपडे टाकायच्या कामाला लागतात त्या दोन इंच चुकल्यामुळे. जमिनीपासून बैठक १७-१८ इंच, टेबल २९-३० इंच, मध्ये मांड्यांना साधारण ११-१२ इंच. पाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत आणि बैठकीची कड गुडघ्यामागे रुतता कामा नये. दुकानात चपला काढून बसावे, कारण घरात आपण अनवाणी बसतो. पुरते बसावे, दोन मिनिटांत फक्त डोळे बसतात.

पाय कापलेली खुर्ची ओळखू येते. सर्वांत खालची दांडी जमिनीच्या फार जवळ आलेली असते, किंवा निमुळता होत जाणारा पाय मध्येच संपतो.

सहांचा जुना संच शोधत बसू नये. सहा खुर्च्या एका घरात एकत्र आल्या तरी एकत्र म्हाताऱ्या होत नाहीत. वाटण्या होतात, एक मोडते, दोन भावाकडे जातात. म्हणून पूर्ण संचाची किंमत सुट्या सहांच्या बेरजेपेक्षा बरीच चढते. सुट्या घ्याव्यात. बैठकीची उंची सारखी ठेवावी, बाकी सगळे निराळे असू द्यावे. एक वाकीव, एक शिसवी, दोन सागवानी. टेबलाभोवती बसणारी माणसेही एका साच्याची नसतात. मुले आपापली खुर्ची ठरवतात, त्यावर भांडतात, आणि त्या भांडणातून त्यांना खुर्च्यांतला फरक कळू लागतो. जुळ्या खुर्च्या हे शिकवू शकत नाहीत.

*

किमतीबद्दल बोलायचे तर चंडीगढ आठवते. वास्तुकार पिएर जाँनरे १९५१ मध्ये तिथे आले आणि १९६५ पर्यंत राहिले. नव्या शहराच्या कचेऱ्यांसाठी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी साग आणि वेत यांच्या खुर्च्या आखल्या आणि त्या तिथल्याच कार्यशाळांत बनल्या. पुढे कचेऱ्यांना त्या जुनाट वाटल्या. गच्चीवर ढीग लागले, भंगार म्हणून लिलाव झाले. मग परदेशी व्यापाऱ्यांनी त्या नेल्या, दुरुस्त केल्या, आणि पॅरिस-न्यूयॉर्कच्या लिलावांत त्यांना लाखांनी रुपये मिळू लागले. २०११ मध्ये केंद्राने त्यांच्या विक्रीवर निर्बंध घातले.

खुर्ची तीच. मधल्या काळात तिला बघणारे बदलले. मला यातले दुःख पैशांचे वाटत नाही. ज्यांनी त्या विणल्या, जोडल्या, त्यांच्याच गावात त्या दुरुस्त करण्याचे कोणाच्या मनात आले नाही, हे मला लागते. आता त्या घाटाच्या नकला ढिगाने निघतात, जुन्या भासणाऱ्या कचेरीच्या आकड्यांसह. आकडा रंगवणे सोपे आहे.

बाहेरदेशी राहणारी मुले आजीची खुर्ची नेऊ म्हणतात, तेव्हा त्यांना हेही सांगावे की १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. वयाबद्दल शंका असेल तर पुरातत्त्व खात्याचा दाखला लागतो. शिसवी असेल तर त्या लाकडावर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आहेत, त्याची कागदपत्रे वेगळी. आजीची खुर्ची बहुधा इथेच कोणीतरी वापरावी, हे बरे.

*

राहिला वेत. माझ्या लेखी जुन्या खुर्चीचा हा सर्वांत जिवंत भाग, कारण तोच सर्वांत आधी मरतो. आपल्या दमट हवेत वेताच्या जाळीतून वारा खेळतो, पाठीला-मांडीला घाम धरत नाही. गादीच्या खुर्चीला हे कधी साधले नाही.

वेत हाताने विणला आहे की कारखान्यातली तयार जाळी बसवली आहे, हे कडेवर कळते. हाताच्या विणीत चौकटीला ओळीने भोके असतात आणि प्रत्येक भोकातून वेत खाली जाऊन वर येतो. तयार जाळीला भोके नसतात; चौकटीत चर असतो आणि त्यात जाळी दाबून वर पट्टी ठोकलेली असते. दोन्ही बसायला चालतात. पण भोकांच्या चौकटीवर चर पाडून जाळी बसवलेली दिसली तर समजावे की कोणी तरी सोय पाहिली. ती भोके एकदा गेली की हाताच्या विणीची वाट बंद होते.

उभे धागे दोन थरांत, आडवेही तसेच, मग दोन दिशांनी तिरके, शेवटी कडेची किनार. मध्ये उरतात ती आठ कोनांची छिद्रे. हे काम आपल्याकडे कितीतरी दशके अंध कारागिरांनी केले. सरकारी कचेऱ्यांच्या खुर्च्या त्यांच्या बोटांखालून गेल्या. ज्या विणीकडे आपण डोळे भरून पाहतो ती विणणाऱ्याने पाहिलेली नसे. ताण सगळीकडे सारखा आहे की नाही, हे बोटच सांगते. म्हणून बैठक तपासताना मीही तळहात खालून लावतो आणि वरून दाबतो. निरोगी वेत दबतो आणि परत येतो. वाळून ठिसूळ झालेला बारीक कुरकुरतो.

झोल पडलेला वेत लगेच काढू नये. एका विणणाऱ्याने सांगितलेला उपाय मी अनेकांना दिला आहे. “दादा, पाणी वरून नका टाकू. वर वेताची साल आहे, ती पाणी पीत नाही. खुर्ची उलटी करा, गरम पाण्याचं फडकं खालून लावा, आणि वाळेपर्यंत तिच्यावर कोणाला बसू देऊ नका.” वेत वाळताना आकसतो आणि बैठक पुन्हा ताठ होते. धागा तुटलेला असेल तर मात्र हा उपाय चालत नाही.

तेव्हा खुर्ची ठरवण्याआधी आपल्या गावात वेत कोण विणतो ते विचारून ठेवावे. जुन्या पॉलिशवाल्याला बहुधा ठाऊक असते. नाही मिळाला तर वेताची खुर्ची सोडून फळीच्या बैठकीची घ्यावी. मिळाला तर त्याला खुर्ची दाखवूनच सौदा करावा. फाटका वेत फेकून देऊ नये, कारण त्यावरून त्याला जुन्या धाग्याची जाडी कळते. हाताच्या विणीला वेळ लागतो. लग्नकार्याच्या आठवड्यात त्याच्याकडे काम नेऊन ‘उद्या द्या’ म्हणू नये, आणि तो सांगेल त्या पैशांत तयार जाळीच्या दराने घासाघीस करू नये.